मेथीचा वाफा

क्वीन्सटाउन, सिंगापूर
१२ मार्च २०१७

अहो,

मी बरी आहे. फ्लॅटखालच्या हॉकर सेंटरमध्ये इडलीसुद्धा मिळते. नात आता धरून उभी राहते. चैत्राली म्हणते, "आई, अजून सहा महिने थांब ना." पोटच्या लेकीला नाही म्हणवत नाही.

पोर्तुगालच्या खेड्यात आपल्या पेन्शनमध्ये सुखानं राहता येईल, हा हट्ट माझा. तुम्ही कुरकुरत आलात, आणि आता तिथे एकटे तुम्हीच राहताय. शेजारीणबाई अजून सूप आणून देतात का? शेगडीला लाकडं पुरली ना?

परसातला एक वाफा मी मेथीसाठी राखला होता. बी फडताळात आहे. यंदा तुम्हीच पेरा. माझी वाट बघत जागा रिकामी ठेवू नका.

अजूनही तिकडचीच,
शुभदा