घड्याळजींचा खांब

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. लिहायला बसलो की नेमकं दुसरं काहीतरी काम आठवायचं. एरवी कामाचा कंटाळा करणारा माणूस मी, तू ओळखतेसच. घरी सगळे ठीक. हिचा गुडघा अजून कुरकुरतो, आणि त्याहून जास्त ही कुरकुरते.

स्टँडचं काम संपत आलं. हल्ल्यानंतर तू इकडे फिरकली नाहीस, त्यामुळे तुला ओळखू यायचं नाही. छप्पर नवं, बाकडी नवी, तिकीटखिडक्यांना काचा लागल्या. आत इतका उजेड येतो की भाऊजी असते तर म्हणाले असते, आता भिंग नको. घड्याळं दुरुस्त करायची त्यांची ती काचेची पेटी असायची ना, त्या खांबाजवळून मी रोज जातो. सगळा स्टँड त्यांना घड्याळजीच म्हणायचा. मी गवंडीकाम शिकत होतो तेव्हा तिथूनच ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, या मेहुण्यापासून जपून राहा, हा एक दिवस मलाच चुना लावणार.

त्या खांबाबद्दलच सांगायचंय. काम सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी, कुणी काही सांगायच्या आत, मी तो खांब हातात घेतला. गोळ्यांनी चाळण झाली होती त्याची. म्हटलं, माझी ताई कधीतरी इथे येईल, तिच्या नजरेला हे पडता कामा नये. सैल झालेला गिलावा झोडून काढला, तारेच्या ब्रशने घासलं, सिमेंटचा माल भरला आणि असा गुळगुळीत केला की नख फिरवलं तरी सांधा लागू नये. जन्मात एवढं मन लावून काम केलं नसेल. आणि पुढच्याच आठवड्यात समितीचा निरोप आला, की बाकी सगळं नवं करा, फक्त घड्याळजींचा खांब आहे तसाच ठेवा, आठवण म्हणून.

इंजिनिअरबाई डोक्याला हात लावून बसल्या. भरलेलं परत उकरून पाहिलं, पण चांगल्या कामाचा हाच तोटा. जुन्या कडा मीच झोडून टाकल्या होत्या, खाली काही उरलंच नव्हतं. बाई वाईट नाहीत गं. माझ्या लेकीच्या वयाची पोर, वरून रोज फोन. त्यांनी हल्ल्यानंतर काढलेला खांबाचा एक फोटो आणला आणि हळूच म्हणाल्या, काका, यावरून होईल का? मी छिन्नी उचलली.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. मला ते काम आवडलं. कुठली गोळी किती खोल गेली असेल, टवका कसा उडाला असेल, यात मी रमून गेलो. चहाचं पाणी आणि काजळी चोळून नवेपणा घालवला. बाई फोटो शेजारी धरून हुबेहूब म्हणाल्या तेव्हा माझी छाती फुगली, ताई. ज्या खांबाच्या पायाशी भाऊजी पडले, त्यावर छिन्नी चालवून मी घरी जाताना शीळ घालत होतो.

मग फुलवाली आली. तीच, भाऊजींच्या शेजारी बसायची, त्या दिवशी थोडक्यात वाचली. वरच्या अंगाच्या एका भोकात बोट घालून ती ढसाढसा रडली. म्हणाली, हीच गोळी माझ्या डोक्यावरून गेली. ते भोक फोटोत नाहीच. तेवढी जागा रिकामी दिसत होती, म्हणून मी ते माझ्या मनाने पाडलं होतं. मी तिला पाणी दिलं आणि गप्प राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

त्यानंतर दोन दिवसांनी तुझं पत्र. दवाखान्यातून भाऊजींना चेहरा झाकूनच दिलं, शेवटचं बघताही आलं नाही, म्हणून उद्घाटनाला येऊन निदान त्या खांबावर हात ठेवीन, असं तू लिहिलंस. ताई, तो हात माझ्या छिन्नीच्या खुणांवर पडेल. समितीला, फुलवालीला सांगायला हवं, मला कळतं. बाईंची नोकरी जाईल असं मी स्वतःला बजावतो, पण खरं म्हणजे मला माझी वाहवा सोडवत नाही. रोज सकाळी ठरवून निघतो आणि संध्याकाळी तसाच परत येतो. उद्घाटनाला लोकांना माहिती द्यायला मलाच खांबाशेजारी उभं करणार आहेत, नवा सदराही शिवून दिलाय. तू ये. पण हात ठेवायच्या आधी सगळ्यांसमोर मला विचार, या खुणा कुणी केल्या? लहानपणी मी घरात काही फोडलं की तू अशीच समोर उभी राहून विचारायचीस, आणि तुझ्यापुढे मला कधी खोटं बोलता आलं नाही.

तुझाच,
धाकटा