खाली माणूस हाय

आये, तुला पोहता येत नव्हतं. नदी ओलांडायची झाली तरी तू होडीच्या मधोमध बसायचीस, दोन्ही हातांनी फळी धरून, आणि पलीकडचा काठ लागेपर्यंत कुणाशी बोलायची नाहीस. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मागच्या महिन्यात नातीच्या हौसेखातर तिला घेऊन मालवणला गेलो होतो. तिथं पाठीवर हवेची टाकी बांधून माणसांना समुद्राच्या तळाशी नेतात, मासे दाखवून आणतात. पाण्यात उतरण्याआधी तिथल्या शिकवणाऱ्या तरुणानं सगळ्यांना होडीत बसवून समजावलं. हे तांबडं निशाण, त्यावर तिरका पांढरा पट्टा. हे वर आहे म्हणजे खाली माणूस आहे. वर यायचं ते निशाणाजवळच, आणि एक हात डोक्याच्या वर धरून. बोटीचा आवाज आला तर तो कुठून येतोय याचा अंदाज बांधू नका, पाण्याखाली ते कळत नाही. मी त्याला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं रे?" तो म्हणाला, "काका, जगभर हेच नियम आहेत. पुस्तकात दिलेत." तू तर जन्मात पुस्तक उघडलं नव्हतंस.

गिरणीचा संप लांबत गेला आणि मी मुंबईहून गावी परत आलो, तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. सावित्री नदीच्या पात्रात बाबांची वाळूची होडी होती. नांगर टाकून होडी उभी करायची, लांब काठी तळात रोवायची, काठीला धरून डुबी मारायची, दोन पुरुष खोल गढूळ पाण्यात चाचपडत बादली भरायची आणि दम संपायच्या आत वर यायचं. बादली मागाहून वरचा माणूस दोरानं ओढून घेतो. बाबांनी वीस वर्षं डुब्या मारल्या आणि त्यात त्यांचे दोन्ही कान गेले. म्हणून त्या हंगामात डुबी माझी आणि दोर बाबांचा, असं ठरलं. पहिल्याच दिवशी तू पदर खोचून होडीत चढलीस. मी म्हटलं, "आये, तुझं काय काम?" तू म्हणालीस, "ह्यांना ऐकू येत नाय, नि तुला खालनं दिसत नाय. मग बघायचं कुणी?" महाडच्या बाजारातून तू खारव्याचा तुकडा आणला होतास, गोधडीला लावतात ते जाड तांबडं कापड. तो बांबूला बांधून तू होडीत उभा केलास, ये-जा करणाऱ्या मचव्यांना लांबून दिसावा म्हणून. मचवेवाले जुने, ओळखीचे. ते कापड बघून वळसा घालून जायचे.

लाँच नवीन होती. थंडीत सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आंघोळीला लांबलांबून माणसं यायची, आणि त्यांना नदीत फिरवून आणायला कुणीतरी ती आणली होती. नाताळच्या सुट्टीतला तो दिवस. मी खाली आहे, ओहोटीची ओढ जोराची आहे, आणि बादली भरता भरता काठी माझ्या हातातून सुटते. तेवढ्यात घर्रघर्र ऐकू येते. डावीकडून म्हणावी तर उजवीकडूनही, पायाखालच्या वाळूतूनसुद्धा. दम संपत आलेला. वर जावं तरी मरण, खाली राहावं तरी मरण. वर काय चाललं होतं ते मला नंतर तुझ्याकडून आणि पलीकडच्या होडीतल्या लोकांकडून कळलं. लाँच वळणावरून आली तशी तू कापड हातात घेऊन हलवायला लागलीस. लाँचीतल्या लोकांना वाटलं, बाई आपल्याला टाटा करतेय. त्यांनीही हात हलवले, आणि लाँच चालवणाऱ्या तांडेलानं ती तुझ्याच दिशेला वळवली. बाबा पाठमोरे दोर धरून बसलेले, त्यांना काहीच पत्ता नाही. तू पाण्याकडं बघितलंस. माझे बुडबुडे काठीपाशी नव्हते, चांगले तीन-चार हात पलीकडं, नेमके लाँचीच्या वाटेत फुटत होते. तू कोयत्यानं नांगराचा दोर तोडलास आणि वाशानं रेटून होडी माझ्या डोक्यावर आणून आडवी घातलीस. पाण्याला भिणारी तू, त्या येणाऱ्या लाँचीसमोर उभी राहिलीस.

मी वर आलो तो डोक्यावर काळोख. हात लावला तर आपल्याच होडीचा तळ. तेवढ्यात धडक बसली, सगळी होडी थरथरली, आणि मी तळाला चाचपत दुसऱ्या बाजूनं डोकं वर काढलं. तांडेलानं शेवटच्या क्षणी इंजिन बंद केलं होतं म्हणून नुसत्या बाजूच्या फळ्या फुटल्या. तू होडीत आडवी पडली होतीस, डावा हात कोपराखाली भलतीकडंच वळलेला. तांडेल वरून ओरडत होता, "ओ बाई, मरायचंय काय? होडी मधी कशाला घातली?"

"खाली माणूस हाय!"

"कुठं? मला तर कोण दिसला नाय."

"दिसत नाय म्हणून तर मी उभी हाय रे!"

महाडच्या दवाखान्यात तुझा हात प्लास्टरमध्ये घातला. त्यानंतरचे दिवस आपल्या चुलीशी मी बसायचो. माझ्या भाकऱ्या फाटायच्या, तू हसायचीस. एका सकाळी तू विचारलंस, "लाँच कुठनं येतीया ते तुला खरंच कळलं नाय?" मी म्हटलं, नाही. "असं कसं? एवढी मोठी घरघर." मी सांगत राहिलो, तुला पटेना. मग तू घंगाळात काठोकाठ पाणी भरायला लावलंस आणि म्हणालीस, "मी डोकं घालते. तू फिरून फिरून पळी बडव." मी दचकलो. नदीत पाऊलसुद्धा न बुडवणारी बाई, गळ्यात प्लास्टरचा हात अडकवलेला, नाक चिमटीत धरून घंगाळात तोंड घालून वाकली. मी एकदा दारापाशी फरशीवर पळी आपटली, एकदा चुलीमागं, एकदा अगदी तुझ्या पायाशी. तू डोकं वर काढलंस. केसांतून पाणी गळतंय, डोळे मोठे झालेले. "सगळीकडनंच येतंय की रे," तू हळूच म्हणालीस. मला वाटतं त्या दिवशी तुला पहिल्यांदा कळलं, मी रोज कुठं जात होतो ते. आणि तुझ्याकडं बघताना मला पहिल्यांदा कळलं, आपल्या घरात कोण राहतंय ते.

दुसऱ्या दिवशी तू सवच्या धक्क्यावर गेलीस, मी काठी घेऊन मागोमाग. तांडेलाला वाटलं भांडायला आलीस. तू म्हणालीस, "भांडण नाय. तू दर्यावरचा माणूस, तुला डुबी येते ना? एकदा आमच्या काठीला धरून खाली जा. तुझी लाँच तुझा जोडीदार लांबनं नेईल. कुठनं गेली तेवढं मला सांग." तो हसला. पण धक्क्यावर चारजण बघत होते, त्यामुळं नाही म्हणवेना. धक्क्याजवळच काठी रोवली आणि ती धरून तो खाली गेला. जोडीदारानं पार पलीकडच्या काठाला लागून लाँच नेली. तांडेल वर आला तो काठीला मिठी मारून, आणि आधी आपल्या डोक्यावर कुठं लागलंय का ते चाचपून बघायला लागला.

"कुठनं गेली?" तू विचारलंस.

"मावशी, डोक्यावरनंच गेली की!"

तू पलीकडच्या काठाकडं बोट दाखवलंस. लाँच तिथं इवलीशी दिसत होती. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्या दिवसापासून तांबडं कापड दिसलं की तो लांबूनच इंजिन बंद करायचा आणि वाशानं रेटत पलीकडच्या काठानं जायचा. दासगावापर्यंतच्या बाकीच्या तांडेलांना त्यानंच सांगितलं, आणि हळूहळू वाळूच्या सगळ्या होड्यांवर तांबडी कापडं आली.

मला मात्र तू सुटू दिलं नाहीस. वर येताना एक हात डोक्यावर ताठ धरायचा, हा तुझा हुकूम. "हात आधी, डोकं मागनं. हात मोडला तर बांधता येतो," असं म्हणून प्लास्टर दाखवायचीस. आणि एकदा आपण काठावर भाकरी खायला बसलो असताना कापड होडीवर तसंच राहिलं, तेव्हा तू घास टाकून उठलीस. मला इतकी बोललीस की पलीकडच्या होडीतले लोक वळून बघायला लागले. "खाली कोण नसताना कापड वर ठेवलंस तर उद्या खरं कोण मानंल? कापडानं खोटं बोलायचं नाय." पुढं मी मुंबईला बंदरात पाणबुड्या म्हणून लागलो, एकवीस वर्षं जहाजांच्या तळाखाली काम केलं, आणि दोन्ही कानांनिशी निवृत्त झालो. साहेब लोक विचारायचे, तुझं ट्रेनिंग कुठलं? मी सावित्री म्हणायचो. त्यांना ते कुणा बाईचं नाव वाटायचं, आणि मी ते दुरुस्त करायचो नाही.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. त्या दिवशी मी होडीत चढलो तेव्हा तुझे केस सुटलेले, लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं, आणि तू कळवळून ओरडत होतीस. लाँचीतली माणसं चांगल्या कपड्यांतली, मुंबईची. वाकून बघत होती. मला त्यांच्यासमोर तुझी लाज वाटली. तुझा मोडलेला हात माझ्या मांडीवर होता, आणि मी वर बघून त्यांना सॉरी म्हणालो. दवाखान्यात जाताना तू विचारलंस, "काय म्हणालास रे त्यांना?" मी सांगितलं, लाँच जपून चालवा म्हणून दम दिला. तू मान हलवलीस आणि म्हणालीस, "बरं केलंस."