झिलीवरचे पाहुणे

१ नोव्हेंबर १९८१, रविवार
मराठी मंडळाची मीटिंग. पक्ष्यांच्या तळ्याची, झिलीची सहल यंदाही ठरली, १३ डिसेंबर. दोन बसेस. सेक्रेटरी इंगळेबाई खुशीत. मी चहा घेतला.

आधी सहा हिवाळे मी आणि हे, दोघंच जायचो. निशातगंजहून बसने बख्शी का तालाब, पुढे घोड्याचा एक्का, शेवटी मैलभर पायी. भाकरी घरची, पाणी घरचं. संत्र्याची सालंसुद्धा पर्समधून परत. नागपूरला कॉन्व्हेंटात सिस्टरनी लावलेली सवय: तुम्ही येऊन गेलात हे गवतालाही कळू नये. मग मंडळाच्या हस्तलिखितात मी झिलीवर लेख लिहिला. वाटेच्या नकाशासकट. केवढं कौतुक झालं. त्याच हिवाळ्यात पहिली बस. वाट दाखवायला पुढे मीच.

८ नोव्हेंबर
ह्यांच्याबरोबर झिलीवर. काठच्या गावातली रामदुलारी पाण्यात होती, दोन मडक्यांवर तरंगत शिंगाडे तोडत. झिलीचा तो कोपरा तिचा, वर्षाचं पोट त्यावर. या खेपेला वेल विरळ दिसले. विचारलं. आधी टाळलं, मग म्हणाली, गेल्या दोन्ही साली मंडळाच्या लोकांनी काठावरून वेल ओढले. फोटोसाठी पक्षी उडावेत म्हणून ढेकळं मारली.

मी म्हटलं, हमसे बोलीं क्यों नहीं?

"आपै तो कहे रहीं, पाहुन हैं। पाहुन का कउनो टोकत है, बहिनजी?"

पहिल्या वर्षी मीच ओळख करून दिली होती, "ये सब हमारे पाहुणे हैं." हिंदी बोलताना मराठी शब्द तोंडात आला. इकडे पाहुन म्हणजे जावई. पन्नास जावई एकदम. म्हणून त्या दिवशी गावाने मांडलेल्या खाटा, तो गूळ, पदराआडचं हसणं. मी त्याला गावाचा भोळेपणा समजले, सहलीनंतरच्या लेखातही तसंच लिहिलं.



१५ नोव्हेंबर
इंगळेबाईकडे गेले. म्हटलं, रद्द करा, नाहीतर वीसच जणं नेऊ, पायी.

"ताई, सहा वर्षं तुम्ही एकट्यांनी बघितलं. आता आमची पाळी आली तर पक्षी घाबरतात होय?"

वर हेही, की क्लास फोरच्या बायका वर्षातून एकदा क्वार्टरबाहेर पडतात, त्यातल्या कोणाला गाळायचं ते तुम्हीच सांगा. खरं आहे. माझ्या आईला कोणी कुठे नेलं होतं? उठले. दारातून म्हणाली, "कॉन्व्हेंटवाल्या पिकनिकलाही कुजबुजतच बोलणार." हसूनच म्हणाली.

२२ नोव्हेंबर
हे म्हणतात, तू जाऊ नकोस, तेवढंच आपल्या हातात. पण न गेले तर बोलणार कोण? गेले तर पुन्हा ती माझीच माणसं, आणि माझ्या माणसांना गाव काही बोलणार नाही. नात म्हणते, "तो किसी और झील पे चलो न, आजी." दुसरी झील. तिथेही कोणी रामदुलारी असेलच.

१३ डिसेंबर
गेले. उतरण्याआधी बसमध्ये उभी राहून सांगितलं. वेलांना हात नाही, दगड नाही. लोकांनी ऐकलं. चांगली आहेत सगळी. एका शिपायाच्या बायकोने तर काठावर चपला काढल्या, देवळात आल्यासारख्या.

उपयोग काय? बसेसचा आवाज आला तेव्हाच सगळे पक्षी उठले. आभाळ भरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाखरं परत बसलीच नाहीत.

गावाने खाटा मांडलेल्या. मी रामदुलारीला सगळ्यांसमोर म्हटलं, ये पाहुन नहीं हैं. कोई कुछ तोड़े तो डाँटो.

ती बघत राहिली. "तो कउन हैं?"

थोड्या वेळाने खाटा एकेक करून आत गेल्या. पाणीही कोणी विचारलं नाही. इंगळेबाई म्हणाली, "तुम्ही त्यांना असं काय बोललात?" रामदुलारी निरोपाला आली नाही. इतक्या वर्षांत प्रथमच.

आधी मुकाट सोसत होती. मी बोलले आणि पाहुणचार करण्याचा तिचा मानही घालवला. दोन्ही माझ्याच हातून.

२७ डिसेंबर
धुकं. घराबाहेर नाही. सिस्टरना काय वाटलं असतं... गवताचं शिकवलं त्यांनी. माणसांचं शिकवायचं राहिलं, की मीच त्या दिवशी शाळेत नव्हते.

१० जानेवारी १९८२
न राहवून ब. का तालाबपर्यंत गेलो. स्टँडवर ओळखीचा एक्केवाला. म्हणाला, चिड़िया थोड़ी-बहुत लौट आई हैं. खरं, की आम्ही सवारी म्हणून बसावं यासाठी, कळेना. रामदुलारीचं विचारलं. "पूछत रहीं आपका." काय विचारत होती? ते त्याला ठाऊक नाही.

हे म्हणाले, "बसतेस?"

मी एक्क्याचा दांडा धरून उभी. जाणं म्हणजे पुन्हा तिच्या दारात जाऊन माफी मागणं, आणि ती दारात आलेलीला, मनात नसलं तरी, नाही म्हणणार नाही, एवढं आता कळतं. न जाणं म्हणजे तिने वाट पाहत राहणं, पाहत असेल तर.

दुसरी सवारी आली. एक्केवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी हात काढून घेतला, एक्का निघाला.

परतीच्या बसला तासभर होता. हे चहा आणायला गेले.