नसलेल्या अंगठ्याची खाज

अप्पा, तुमच्या नसलेल्या हाताबद्दल लिहायला बसलेय. चौथीपर्यंतच शिकलेली मी, वेलांट्या चुकतील, चिडू नका. आधी आनंदाची गोष्ट. तुमची पणती, म्हणजे माझी नात, डॉक्टर झालीय, आणि तिच्या दवाखान्यात तुटलेल्या हाताच्या जागी दुसऱ्याचा हात लावतात! विद्यानगरात आमच्या समोर एक तेलुगू बाई राहतात, त्यांना मी तोऱ्यात सांगितलं, "हमारी बच्ची लोगां को हाथ लगाती." बाई दचकल्याच. म्हणाल्या, "अय्यो, धीरे बोलो ना अम्मा!" मग समजावता समजावता चहा गार झाला.

गेलेल्या माणसाचा हात घेतात, तोही घरच्यांनी हो म्हटलं तरच. हाड हाडाला, शीर शिरेला, तासन्‌तास जोडत बसतात. आणि ज्याचा हात घेतला त्यालाही तसाच नाही पाठवत, बनवलेला हात बसवून मग घरच्यांच्या हवाली करतात. हे ऐकून मला रडू आलं. पुढं जन्मभर औषधं, नाहीतर अंग म्हणतं हा माझा नव्हे. नातीनं मोबाईलवर एक माणूस दाखवला, नव्या हातांनी संत्रं सोलत होता. सालीचे कपटे, रस कोपरापर्यंत, आणि तोंडभर हसू. मी तीनदा बघितलं. तोंडसुद्धा नवीन लावतात म्हणे कुठं कुठं. मी विचारलं, "मग बायको ओळखते का?" तर म्हणाली, "आजी, तू ना!"

तिचा स्वतःचा अभ्यास मात्र डोक्याचा. हात गेला तरी डोक्यात त्याची जागा राहते, म्हणून नसलेला हात दुखतो, खाजतो. नवा हात लागला की ती जागा हळूहळू त्याला ओळखायला लागते. बाहेरदेशीच्या डॉक्टरांनी यावर खूप लिहिलंय, ते ती वाचते आणि पेशंटांना विचारत बसते. मी सहज म्हटलं, "आमच्या अप्पांनाही खाज यायची." पोरगी ताडकन उठून बसली. "मग तू काय करायचीस?" "खाजवायची." "कुठं?" "हवेत!" तिनं मला मिठीच मारली. आता रविवारी डॉक्टरांच्या सभेत ती ही गोष्ट सांगणार आहे, आणि मी पहिल्या रांगेत बसायचं. जांभळी साडी इस्त्रीला दिलीय. पण अप्पा, गोष्ट पूर्ण खरी नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे.

चिक्कडपल्लीचं घर. छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीननं तुमचा उजवा पंजा नेलाय आणि तुम्ही घरी आहात. मी नऊ वर्षांची. आई भाकरी थापतेय. तुम्ही मनगट पुढं करून म्हणता, "पोरी, अंगठ्याच्या मुळाशी खाज सुटलीय, जरा खाजव." मी हसत हसत हवेत बोटं फिरवते. "अजून खाली. हौ, तिथंच." तुमचे डोळे मिटतात. आई तव्यावरून नजर न काढता म्हणते, "हात नाही आणि खाज कसली? पोरीला नादाला लावू नका." दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा आलात. मी ओट्यावर मैत्रिणींबरोबर सागरगोटे खेळत होते. मला लाज वाटली. आईचंच वाक्य मी मोठ्यानं म्हटलं आणि वर जोडलं, "नाटकं नका करू, अप्पा." पोरी फिदीफिदी हसल्या. तुम्हीही हसलात, बाही खाली ओढलीत आणि आत गेलात. त्यानंतर तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. एकदा मात्र दाराच्या चौकटीवर मनगट घासताना दिसलात, मला पाहिलंत आणि थांबलात.

म्हणजे मी एकदाच खाजवलं, अप्पा. तुम्ही खोटं बोलत नव्हतात, हे मला माझ्या नातीकडून कळायचं होतं.

हा कागद तिलाच वाचायला द्यावा, रविवारच्या आत तिला खरं कळेल, असं ठरवून लिहायला घेतलं होतं. तिला मराठी अडखळत वाचता येतं, पण हे वाचेल. मघाशी ती स्वतःच आली, हातात तिची वही. "आजी, नीट आठवून सांग हं, रोज खाजवायचीस की कधी कधी?" मी कागद पदराखाली घेतला आणि म्हटलं, "रोज."