उजव्या बाजूचं दुखणं

५ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा डाग. तपकिरी, रुपयाएवढा. सातवा आठवडा चालू आहे. पट्टीवर दोन रेघा दिसल्या त्याला पुरते पंधरा दिवसही झाले नाहीत.

सासूबाई मोरीच्या दाराशीच उभ्या. "काहून वं, दाग-बिग नाही ना लागला?" रोज विचारतात. जेलरसारखं!

मी म्हटलं, नाही.

खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर पुढचं वाक्य मला पाठ आहे — "त्या कामठीच्या ऑटोनंच झालं!" सक्करदऱ्याहून बसने इंदोरा, तिथून शाळेपर्यंत शेअर ऑटो. त्यांच्या मते पोटातलं मूल खड्ड्यात सांडतं. मग म्हणतील, घरी बस, भाजी निवड. शाळेतल्या नेमणुकीचा आदेश दिवाळीपर्यंतचाच आहे. मध्ये सोडला तर दाराशी दहा बी.एड. उभे आहेत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. विज्ञान शिकवते. नाही सोडणार.

६ ऑगस्ट, बुधवार

दुखतंय. पाळीत दुखतं तसं नाही — उजवीकडे, एकाच जागी, कोणी बोट रोवून धरल्यासारखं.

दहावीला आज प्रजननाचा धडा होता. हेडसर, म्हणजे मनोहरराव, सकाळीच म्हणाले, "मॅडम, ती पानं पोरांना घरी वाचायला सांगायची असतात." मी नाही सांगितलं. पूर्ण आकृती फळ्यावर काढली — अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय. मागच्या बाकांवर खिदळणं सुरू. म्हटलं, हसून घ्या, मग वहीत उतरवा. अठ्ठेचाळीस पोरांनी उतरवली! मला उभं राहवत नव्हतं. टेबलाला टेकून शिकवलं.

या कामासाठीच शिकले ना मी?

७ ऑगस्ट, गुरुवार

डाग नाही! दुखणं आहे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

डाग परत आला. शेवटी नवऱ्याला, रोशनला सांगितलं. बुटीबोरीहून ड्यूटी करून आला होता, बूट काढता काढता ऐकलं. घाबरला. माझा हात हातात घेऊन बसला. "आईले नको सांगू. उगाच तमाशा करंल. तू कर ना नोकरी, मी आहो ना!"

डॉक्टरकडे?

"रविवारी जाऊ, सुट्टी राहते मले." मग मोबाइलवर शोधलं आणि मोठ्याने वाचलं — सुरुवातीला थोडं रक्त जाऊ शकतं. "पाह्य, लिवलं आहे!"

मीही मंगळवारीच ते वाचलं होतं. खालची ओळ वाचून फोन उलटा ठेवला होता. आजही ठेवला. एका बाजूला दुखत असेल तर थांबू नका, अशी ती ओळ.

या घरात माझ्या बाजूचा एकच माणूस आहे. तो म्हणतो रविवार, तर रविवार.

९ ऑगस्ट, शनिवार

आज लाल.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दवाखान्यातून लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, सलाइनचा हात.

रविवारी पोळ्या लाटत होते. रोशन आंघोळीला गेला होता. खांद्यात कळ आली — खांद्यात, पोटात नाही! — आणि डोळ्यांपुढे अंधारी. शुद्धीवर आले तेव्हा ओट्याखाली पडलेली. सासूबाई खिडकीतून शेजारच्या रुपरावांना ओरडून राहिल्या होत्या, "गाडी काढा गा! पोरगी पांढरी पडली!"

डॉक्टरबाईंनी विचारलं, डाग कधीपासून? सासूबाई शेजारी उभ्या. मी म्हटलं, आजच.

पोटात रक्त भरत होतं आणि मी म्हटलं, आजच!

सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं. गर्भ उजव्या नळीतच रुजला होता. नळी फुटली. ऑपरेशन करून काढली. एक राहिली आहे.

मी सगळं खरं सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "आठवडाभर आधी आली असतीस तर कदाचित औषधावरही भागलं असतं." मी विचारलं, ऑटोमुळे झालं का? "ऑटोनं नाही, कामानं नाही. कोणाचा दोष नसतो यात." सासूबाईंसमोर पुन्हा बोलायला लावलं. सासूबाईंनी मान डोलावली. बाई गेल्याबरोबर — "तरी पण त्या ऑटोनं..."

झालं ते घरात! रविवारी! पोळपाटापाशी! कोणाला सांगू?

१३ ऑगस्ट, बुधवार

सासूबाई माझी वेणी घालत होत्या. मागून हळूच म्हणाल्या, "माह्ये दोन गेले. रोशनच्या आधी. दाग लागे, मी सांगो, कोणी ध्यान नाही दिलं. म्हनून तुले रोज विचारत व्हतो वं."

मग पेड आवळत म्हणाल्या,

"मले सांगतलं असतं तं त्याच दिवशी आनलं असतं तुले. नोकरीचं मंग पाह्यलं असतं."

आठ दिवस ज्या बाईपासून लपवलं, तीच मला आणणार होती. आकृती काढायला मला येते. नळीचं नाव मला माहीत. आणि दुखणं ओळखलं असतं ते चौथी शिकलेल्या बाईने! भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज फोन हातात आला. हेडसरांना माझ्या नंबरवरून एक मेसेज गेलेला. रविवार, दुपारी बारा पन्नास.

'आदरणीय सर, तब्येतीच्या कारणाने मी नोकरी सोडत आहे. माझ्या जागी दुसरी व्यवस्था करावी. आपली, सोनिका मॅडम.'

त्या वेळी मी ऑपरेशनच्या टेबलावर होते. सासूबाईंना मोबाइलवर लिहिता येत नाही.

सरांनी खाली अंगठा टाकलाय. मी स्वतःला मॅडम लिहीत नाही, एवढंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

रोशन माझ्यासाठी मोसंबीचा रस आणायला खाली गेलाय.