निळ्या सायकलचा मूळ रंग

हुडको, भिलाई
बुधवार, दि. ९ ऑक्टोबर २०२४

चि. उन्नतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या सायकल मंडळाच्या अंकासाठी लिहिलेला ‘बाबांची निळी सायकल’ हा लेख छपाईला जाण्याआधी मला पाठवलास, हे योग्य केलेस. त्यातील वृत्तान्त अनेक ठिकाणी चुकला आहे. तुझ्या बाबांनी ती सायकल दिल्लीहून आणली नव्हती. कारखान्यात यंत्र बसवण्यासाठी आलेल्या एका जपानी तज्ज्ञाने मायदेशी परतताना ती विकायला काढली आणि सुमेधने ती अतिथिगृहाच्या आवारात, माझ्यासमक्ष विकत घेतली. ते वर्ष १९९२ नसून १९९५ होते. उतईच्या शाळेत नोकरी लागल्यानंतर त्याने ती घेतली, आधी नव्हे. तो गेला तो दिवस शनिवार नव्हता, गुरुवार होता.

‘पोलाद कधीच मोडत नाही’ हे वाक्य तू माझ्या तोंडी घातले आहेस. एकतीस वर्षे तपासणी विभागात काढलेला माणूस असे विधान करणार नाही. मी म्हणत असे की पोलाद मोडण्याआधी सांगते. दोन्हींत पुष्कळ अंतर आहे.

सायकलच्या गुणवत्तेविषयीचा परिच्छेद मात्र बरा उतरला आहे. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ ओढणे हे कौशल्याचे काम आहे, आणि त्या काळी डोंगरावर चढवण्यासाठी बनवलेल्या सायकलींत ते मनापासून केलेले दिसते. परंतु अशा सायकलीला आज काय किंमत येते याची चर्चा तू त्याच परिच्छेदात घुसडली आहेस. किंमत ही घेणाऱ्याच्या मनात असते आणि गुणवत्ता धातूत असते. दोन्हींना एका वाक्यात बसवू नये.

घरातील प्रत्येक वस्तूवर माझा पांढरा ठिपका असतो, हे खरे आहे. तपासून पास केलेल्या नगावर खूण करायची, ही आमच्या विभागाची पद्धत. शिडी, कुकर, झोपाळ्याची कडी यांवर ठिपका आहे, यात हसण्यासारखे काय आहे हे मला समजलेले नाही. तुझ्या आईच्या लाटण्यावरचा ठिपका कणकेचा आहे.

सायकल पुण्याला पाठवण्याची तुझी विनंती मान्य करता येत नाही. टायर वाळले आहेत, ब्रेकच्या तारा गंजल्या आहेत. ती जिथे टांगली आहे तिथे ठीक आहे.

तुझी आई निशा खुशाल आहे. माझ्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढील पंधरवड्यात रायपूरला ठरली आहे. लेख दुरुस्त करून धाड आणि या म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आजोबा,
दौलतराव

—

पुणे
सोमवार, २८ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप आजोबांस उन्नतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा डोळा कसा आहे? आई म्हणते की पट्टी असतानासुद्धा तुम्ही दवाखान्याच्या फलकातली शुद्धलेखनाची चूक काढली आणि नर्सबाईंना ती पुसून लिहायला लावली. एका डोळ्याने एवढं, तर दोन डोळ्यांनी काय होईल या विचाराने मले तर भीतीच वाटून राहिली. (‘मले’ खाली लाल रेघ आली असेल. येऊ द्या. पुण्यात कोणी आपल्यासारखं बोलत नाही, तर मी पत्रातच बोलून घेते.)

आता जे सांगते ते ऐकून रागावू नका. तुम्ही रायपूरला होता तेव्हा मी आईच्या मागे लागले आणि तिनं सायकल ट्रान्सपोर्टवाल्याकडे देऊन टाकली. ती आधी नाही नाही म्हणत होती. मग म्हणाली की अकरा वर्षं झाली, टांगलेली गोष्ट पाहून पाहून तिची मान दुखते, घेऊन जा. काल सायकल माझ्या खोलीत पोचली. पोत्यातून काढली तेव्हा हँडलवर बाबांच्या हाताचे डाग तसेच होते. मी काही रडले वगैरे नाही.

आमच्या मंडळाचा मिस्त्री नरेश पाहायला आला होता. जुन्या पोलादी सायकली हेच त्याचं आयुष्य. बायको म्हणते की मला पण गंज लागला असता तर यानं रोज हात फिरवला असता! त्यानं सायकल उलटी करून पाहिली, सांधे पाहिले आणि म्हणाला की ॲल्युमिनियमवाले आज जे विकून राहिले ते याच्यापुढे डबा आहे. रंग मूळ आहे म्हटल्यावर तर त्यानं आधी हात पुसले आणि मगच नळीला लावले. मूळ रंगावरच अर्धी किंमत असते म्हणे. एकानं विचारलंही, पण मी विकणार नाही. टायर, तारा, ब्रेक सगळं नरेश नवं टाकून देणार आहे, म्हणजे तुमची हरकत मिटली.

चोवीस नोव्हेंबरला, रविवारी, आमची जुन्या सायकलींची फेरी आहे. सिंहगड चढायचा आणि उतरायचा. बाबा असताना माझे पाय त्या सायकलवरून जमिनीला पोचत नव्हते म्हणून त्यांनी कधी चालवू दिली नाही. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणायचे. आता पोचतात, आजोबा. आणि पुढच्या नळीच्या बुडाशी तुमचा पांढरा ठिपका आहे. मंडळात सगळ्यांना दाखवला. म्हटलं, भिलाईत पास झालेला माल आहे, उतारावर डोळे मिटून बसा.

लेखात तारखा बदलते. तुमच्या लाल पेनची वाट पाहते आणि तुमचा हात डोक्यावर आहेच असं धरून चालते.

तुमची नात,
उन्नती

—

पुणे
शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आजोबांस सा. नमस्कार.

मंगळवारी तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात की त्या सायकलवर चढू नकोस. मी का म्हणून विचारलं तर तुम्ही पुन्हा तेवढंच म्हणालात, आणि मग लाइन चालू असून बोलणं बंद. आईला विचारलं तर तिलाही काही माहीत नाही. ती म्हणते की तुम्ही दोन दिवसांपासून जेवायला बसता आणि ताट तसंच ठेवून उठता.

आजोबा, मी सव्वीस वर्षांची आहे. चढू नको एवढ्यावर मी थांबणारी नाही. बाबांची आठवण येते म्हणून असेल तर मलाही येते, आणि मला ती चालवूनच काढायची आहे. नरेशनं चाकं बसवली आहेत. काही कारण असेल तर लिहा. तुम्ही तर म्हणता की जे नीट लिहिता येत नाही ते नीट माहीत नसतं. पत्र आलं नाही तर मी चोवीसला निघणार.

तुमच्या शब्दाची वाट पाहणारी,
उन्नती

—

हुडको, भिलाई
बुधवार, दि. १३ नोव्हेंबर २०२४

चि. उन्नतीस आशीर्वाद.

फोनवर मला वाक्य पूर्ण करता आले नाही. येथे करतो.

त्या सायकलीच्या खालच्या नळीवर, म्हणजे जी नळी हँडलपासून पायडलांकडे तिरपी उतरते तिच्यावर, वरच्या सांध्यापासून चार बोटे खाली बघ. नळीच्या पोटाकडील बाजूने ब्लेडने रंग खरवड. नखाएवढी जागा पुरे. खाली पोलादाचा राखाडी रंग दिसेल आणि त्यात पितळेची एक पिवळी रेघ आडवी गेलेली दिसेल. तिथे ती नळी पूर्ण तुटली होती आणि पितळेने जोडली आहे. नरेशला हे दिसले नाही, यात त्याचा दोष नाही. जोडणारा कारागीर उत्तम होता आणि रंग जुळवून लावलेला आहे. माझ्या शब्दावर विसंबू नकोस. स्वतः खरवडून बघ.

आता क्रमाने लिहितो.

सन २०१३च्या जून महिन्याच्या अखेरीस सुमेध सायकलवरून येताना उभ्या ट्रॉलीला मागून धडकला. त्याला खरचटले, पुढचे चाक धरणारा चिमटा किंचित वाकला, तो त्याने सरळ करून घेतला. दोन आठवड्यांनी त्याच्या लक्षात आले की खालच्या नळीवर, मी वर सांगितलेल्या जागी, रंगाला सुरकुती पडली आहे. एका रविवारी सकाळी त्याने सायकल अंगणात आणली आणि मला बघायला सांगितले. सुमेध मला सहसा काही विचारत नसे. तो शिक्षक होता, त्याला त्याची मते होती, आणि माझ्या ठिपक्यांची तो तुझ्यापेक्षा अधिक चेष्टा करत असे. त्या दिवशी मात्र तो हातात फडके घेऊन माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि आता काय ते सांगा, असे म्हणाला.

नियम एकच आहे. रंगाखालचा धातू तपासता येत नाही. आधी रंग काढावा लागतो. रंगवलेला नग माझ्या मेजावर आला की मी तो न बघता परत पाठवत असे. एकतीस वर्षांत मी एकदाही अपवाद केला नाही. मी रंग घासून काढायला पॉलिश कागद मागितला. सुमेध म्हणाला की तेवढे नको, मूळ रंग गेला की या सायकलची किंमत गेली. अशी सायकल आता मध्य भारतात दुसरी नसेल. मी हातोडीने नळी ठोकून ऐकली, भिंगातून सुरकुती बघितली, आणि वरवरची आहे असे सांगितले. त्याला बरे वाटले. मलाही बरे वाटले. त्याने स्वतः आतून पांढऱ्या रंगाची बाटली आणून दिली. चहा झाला. तू शिकवणीला गेली होतीस.

तो गेला त्या दिवशी उतईच्या अलीकडे, कालव्याच्या पुलावरून उतरताना, चाक खड्ड्यात गेले असे पंचनाम्यात आहे. खड्डा तिथे होता. तो चार बोटे खोल होता. पोलिसांनी चौथ्या दिवशी मला सायकल ताब्यात घ्यायला बोलावले. मी एकटा गेलो. नळीचे दोन तुकडे झाले होते. तुटलेल्या तोंडाचा दोन-तृतीयांश भाग तपकिरी होता आणि एक-तृतीयांश चकाकत होता. तपकिरी भाग म्हणजे जुनी चीर. तिच्यात बरेच दिवस हवा-पाणी शिरून गंज धरला होता. चकाकणारा भाग त्या दिवशीचा. जे बघतो त्याची मनात नोंद करण्याची सवय असल्यामुळे मी ही प्रमाणे तिथेच ठरवली आणि नंतर कागदावर सही केली. मला काही वाटले नाही. पुढेही वाटले नाही. आज लिहितानाही हात स्थिर आहे. अक्षरावरून तुला दिसेल.

पोलादाने सांगितले होते. रंगावरची सुरकुती म्हणजे त्याचे सांगणेच होते.

मी कोणापाशी खोटे बोललो नाही. खड्डा होता का असे लोक विचारत, मी होता म्हणत असे. सायकल मी कुम्हारीला केवलराम नावाच्या कारागिराकडे नेली. तो पूर्वी कारखान्यात जोडकामावर होता. त्याने काही विचारले नाही. काम झाल्यावर एवढेच म्हणाला की साहेब, आता ही भिंतीवर शोभेल, हिला रस्त्यावर काढू नका. रंग मी स्वतः चार दुकाने फिरून जुळवला. तुझ्या आईने किंवा तू तो सांधा बघू नये, एवढाच हेतू होता. आता तूच मंडळात मूळ रंग म्हणून तो सर्वांना दाखवत आहेस.

निशाला आज सकाळी सांगितले. ती भाजी निवडत होती. ती तशीच निवडत राहिली. नळीवरचा निळा नवा आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होते, असे ती म्हणाली. मुलाच्या आठवणीसाठी मी सायकल रंगवून आणली, असे तिने धरले होते, आणि या अकरा वर्षांत माझ्याविषयी मनात काही वाईट आले की ती तो रंग आठवत असे. नंतर तिने भाजी फोडणीला टाकली. दुपारी आम्ही दोघे जेवलो.

सायकलचे काय करावे हे मी सांगणार नाही. विकू नकोस, एवढे मात्र सांगणे माझे काम आहे. घेणारा तिच्यावर बसेल. तू बसू नयेस यासाठी मी आज्ञा करू शकतो, परंतु माझ्या आज्ञेचे वजन किती आहे ते या पत्रावरून तूच ठरव. म्हणून खरवडून बघ म्हणतो.

लेख मागे घ्यायचा की दुरुस्त करायचा हेही तुझे तू ठरव. दुरुस्त केलास तर पुढील तारखा बिनचूक छापल्या जाव्यात. पत्र आले नाही तरी मी समजून घेईन. आले तर त्यातील भाषा सुधारणार नाही.

१. फेब्रुवारी १९९५. सायकल खरेदी, भिलाई. (लेखात : १९९२, दिल्ली.)

२. ३० जून २०१३, रविवार. ट्रॉलीला धडक. (लेखात उल्लेख नाही.)

३. ३ ऑक्टोबर २०१३, गुरुवार. सुमेधचा मृत्यू. (लेखात : शनिवार. कारण म्हणून ‘खड्डा’ लिहिले आहे. ‘नळी तुटली’ असे लिहावे.)

४. ७ ऑक्टोबर २०१३, सोमवार. सायकल पोलिसांकडून ताब्यात घेतली.

५. २६ ऑक्टोबर २०१३, शनिवार. नळी जोडली, रंगवली. ‘मूळ रंग’ हे शब्द या तारखेनंतर लागू नाहीत.

६. १४ जुलै २०१३, रविवार. ही नोंद क्रमाने तिसरी हवी होती. लेखात : ‘आजोबांनी सायकल तपासून पास केली.’ दुरुस्ती : पास केली. तपासली नाही.

दौलतराव