होडी कुणी केली

सोलापूर, रविवार, ७ मार्च १९७६

आप्पा,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी रोजनिशीच्या वह्यांमागून वह्या भरल्या, पण तुम्हाला उद्देशून एक ओळ लिहिली नाही. त्याबद्दल आधी माफी मागते. आज लिहायला बसले तेही तुमची आठवण दाटून आली म्हणून नाही. खरं कारण होडी आहे, आणि होडीपेक्षाही जास्त धाकटा.

धाकट्याचं पत्र आलं महिन्यापूर्वी. तो आता साखर कारखान्यात बराच वर चढलाय. उजनीचं धरण बांधून होत आलंय. पाणी साठलं की आपली होडी तिथं न्यायची असं त्याच्या मनात आहे. तुम्ही गेल्यापासून ती मागच्या पडवीत पालथी घातलेली आहे, वर ताडपत्री. धाकट्यानं लिहिलं, ‘ताई, तेवढी एखाद्या सुताराला दाखवून ठेव. मी पितळी पाटी करून घेतोय. त्यावर घालणार: ही होडी वडिलांनी आणि मी मिळून बांधली.’ पत्राच्या शेवटी, जणू सहज, आणखी एक ओळ होती. ‘तुला त्यांनी कॉलेज दिलं. होडी तरी माझी असू दे.’ ती ओळ मी दोनदा वाचली आणि पत्र घडी करून डब्याखाली सारलं. तो ‘मिळून’ शब्द मात्र डब्याखाली जाईना. वर्गात मुलींच्या वह्या तपासताना, भाकरी थापताना, सारखा तोच.

तुम्हाला आठवतं का, आधी इंजिन आलं होतं? गिरणीतला गोरा मॅनेजर देश सोडून जाताना तुम्हाला ते देऊन गेला, होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन. पाण्याचा हंडा चार दिवस पुरवणाऱ्या आपल्या गावात ते आपल्या न्हाणीघरात दोन वर्षं गोणपाटात गुंडाळून उभं होतं. आई म्हणायची, ‘ह्या पाहुण्याला कधी पोचवायचं?’ मग एका उन्हाळ्यात तुम्ही गिरणीचा भोंगा झाल्यावर थेट घरी यायचं थांबलात. अंधार पडता पडता यायचात, अंगाला लाकडाच्या भुशाचा वास, मागून धाकटा. तो त्या वर्षी मॅट्रिकला नापास होऊन घरी बसला होता आणि मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. पावसाच्या तोंडाला बैलगाडीवरून होडी दारात आली. गल्ली गोळा झाली. शेजारचे म्हणाले, ‘मेस्त्री, तुमी केली व्हय ही?’ तुम्ही म्हणालात, ‘झाली.’ एवढंच. तुम्ही ‘मी केली’ असं कधी म्हणाला नाहीत आणि ‘मी केली नाही’ असंही नाही. आम्ही सगळे आपापल्या सोयीनं धरून चाललो की ती तुम्हीच केली.

त्या संध्याकाळी होडीला रोगण लावून अंगणात ठेवलं होतं. मी नुसता तळवा टेकवला. तुम्ही खेकसलात, ‘हात काढ! तुझं पुस्तक कुठाय?’ धाकटा होडीत बसलेला, हातात फडकं. तो हसला नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहिलं पाहिजे. मी आत गेले. हाताला रोगण लागलं होतं ते मी रॉकेलनं धुतलं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षीही मला त्या रॉकेलचा वास येतो. माझं लक्ष अभ्यासातून उडू नये म्हणून तुम्ही ओरडलात, हे मला कळतं. तेव्हाही कळत होतं. कळल्यामुळे काही कमी झालं नाही.

तर मी धाकट्याला उलट टपाली विचारलं, दुसरं कोणी होतं का बांधताना? त्यानं लिहिलं, ‘एक म्हातारा सुतार होता फळ्या तासायला. नाव आठवत नाही. भवानी पेठेत कुठंतरी.’ आणि मी त्या सुताराच्या मागे लागले. कोणी विचारलं तर सांगायचे, ज्यानं केली त्याचं श्रेय त्याला मिळालं पाहिजे. शाळेत मी हेच शिकवते. पण मला काय ऐकायचं होतं ते तुमच्यापासून लपवून काय उपयोग! मला ऐकायचं होतं की धाकटा तिथं नुसता बसून असायचा.

आधी आमच्या कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं. त्यानं ताडपत्री काढली, होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत डोकं घातलं आणि हसायलाच लागला. ‘बाई, ही होडी न्हाई. ह्यो माग हाय.’ मला वाटलं थट्टा करतोय. त्यानं बोटानं दाखवलं. आतल्या बरगड्या जिथं आडव्या लाकडाला मिळतात तिथं एकही खिळा नव्हता; सगळीकडे लाकडी पाचरी ठोकलेल्या. ‘माग असाच बनवत्यात. विणकराच्या घरी न्यायचा, सोडायचा, परत जोडायचा. म्हणून पाचर. आन् ह्या खुणा बघा.’ प्रत्येक सांध्यावर दोन्ही लाकडांना सारखीच खूण कोरलेली होती, कुठला तुकडा कुठं बसतो ते कळायला. इतकी वर्षं मी ते ओरखडे समजत होते. ‘भवानी पेठंत इचारा,’ तो म्हणाला. ‘जुना मागवाला सुतार म्हणा. आता दोन-तीनच उरल्यात.’

तीन शनिवार गेले. सकाळची शाळा सुटली की मी पेठेत. घराघरातून मागांचा खडखडाट, आणि उंबऱ्यावर उभं राहून ओरडून विचारायचं, ‘होडी केलेली का हो कुणी इथं?’ लोक आपल्याकडं कसे बघत असतील ते तुम्ही ओळखाल. एका बाईनं सुनेला हाक मारून तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि दोघी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. तिसऱ्या शनिवारी, म्हणजे काल, एका बोळाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ बाजेवर बसलेले दिसले. डोळ्यांत मोतीबिंदू, हात मात्र रंधा धरल्यासारखे वाकलेले. मी प्रश्न पुरा करायच्या आतच ते म्हणाले, ‘मेस्त्रीची कोण तुमी?’

‘मुलगी.’

‘मुलगी?’ ते म्हणाले, आणि आत वळून बायकोला मोठ्यानं तेच सांगितलं, तेलुगूत, प्रश्नासारखं.

आप्पा, तुम्ही तेलुगू बोलायचात. हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. ‘आमच्यापेक्षा झ्याक,’ म्हातारे म्हणाले, ‘शिव्या बी.’ तुम्ही शिव्या द्यायचात! आणि त्यांच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि माझ्याकडं नीट बघत म्हणाली, ‘बाप तिखट लई खायाचा. चिंचेचं सार, वरनं हिरवी मिरची. मी म्हणायची, पुरं करा की वो, तर ताट पुढं.’ आपल्या घरी तुम्ही पोटाचं कारण सांगून दही-भाकरी खात होतात. आई तुमच्यासाठी भाजी वेगळी, बिनतिखटाची काढून ठेवायची. मी त्या बाईच्या हातांकडं बघत राहिले. पंचाहत्तरीच्या पुढच्या त्या म्हातारीचा मला हेवा वाटला, आणि तो लपवायला मी चहाचं कौतुक केलं. चहा गूळमट होता.

मग म्हाताऱ्यांनी होडीचं सांगितलं. तुम्ही इंजिनाचं माप घेऊन त्यांच्याकडं गेलात, कारण गावात नदी नाही आणि नावाडी नाही. लाकडाला घट्ट सांधा मारणारा माणूस म्हणजे मागवाला. त्यांनी जन्मात होडी बघितली नव्हती. तुम्ही जमिनीवर खडूनं काढून दाखवली. ‘मागाला कसं असतं बाई, जितका घट्ट तितका चांगला. हलला की सूत तुटतं. मी फळीला फळी अशी बसवली की मदी केस जाऊ नये.’ हिप्परग्याच्या तळ्यात होडी पहिल्यांदा सोडली त्या दिवशी ते, तुम्ही आणि धाकटा, तिघंही होडीत होतात. मी घरी अभ्यास करत होते. कोरड्या उन्हात घट्ट बसवलेलं लाकूड पाणी प्यायलं आणि फुगलं. फळ्यांना सरकायला जागाच नव्हती. ‘आदी कुरकुर केलं, मग कडाड! बरगडी मोडली. मी म्हणलं, मेस्त्री, मेलो. आन् तुमचा बाप…’ म्हातारे बोलता बोलता हसू लागले, त्यांना खोकला लागला, बायकोनं पाठ चोळली. ‘…तुमचा बाप हसतोय! कमरेइतक्या पाण्यात हुबा, डोक्यावर इंजिन, आन् हसतोय. खाली बसला हसत हसत. इंजिन घेऊनच बुडला असता की!’

तो दिवस मला स्वयंपाकघरातून आठवतो. मी चुलीपुढं, भाकरी तव्यावर. तुम्ही दोघे दारात येता, चिंब, चिखलानं माखलेले. आई विचारते, काय झालं? तुम्ही म्हणता, ‘फुगली.’ धाकटा खाली बघतो आणि त्याचे खांदे हलतात. मला वाटतं तो रडतोय. तुम्ही चेहरा कोरा ठेवून पाय धुता आणि दही मागता. आता कळतं की हसू तुम्ही सगळं तिथंच संपवून आला होतात, आणि त्याला मात्र आवरत नव्हतं. तव्यावरची भाकरी त्या दिवशी करपली, त्याबद्दल मला बोलणी बसली.

मी विचारायचं ते विचारलं. ‘आणि माझा भाऊ? तो काय करायचा?’ आवाज शक्य तितका साधा ठेवला.

‘त्यो?’ म्हातारे म्हणाले. ‘त्यानंच तर तरंगवली. फुगल्यावर मी सगळ्या खालच्या फळ्या पाचरी काढून सोडल्या, रंध्यानं कडा उतरवल्या, सुतळी जाईल एवढी फट ठिवली. त्या फटींत गिरणीतलं वाया गेलेलं सूत राळंत भिजवून भरायचं. लई किचकट. मला दम निघंना, बापाला गिरणी. पोरानं भरलं. बोटाची सालं निघाली, तरी रोज यायचा. एक थेंब आला न्हाई नंतर.’

मग जे विचारायला नको होतं ते विचारलं. ‘माझ्याबद्दल काही बोलायचे का आप्पा? मी कॉलेजात होते तेव्हा.’

म्हातारे खरंच आठवत होते. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे. ‘न्हाई,’ ते म्हणाले. ‘मला वाटायचं त्यास्नी एकच पोरगा.’

‘गप की वो!’ बायको त्यांच्यावर खेकसली आणि माझ्याकडं वळली. ‘बोलायचे, बोलायचे. लेक हुशार हाय म्हणायचे. ह्याला काय आठवतंय! काल जेवला का ते आठवत न्हाई.’ तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ती खोटं बोलत होती, आणि इतक्या मायेनं की मला तिचा आणखीच राग आला. म्हातारे तेवढ्यात म्हणाले, ‘तसं त्यो घरचं कुणाचंच बोलायचा न्हाई. आमी होडीचंच बोलायचो.’ मी हे वाक्य कालपासून चारदा मनात फिरवून बघितलंय. त्यातून काही निघतंय का बघते. निघत नाही. किंवा निघतंय ते मला घ्यायचं नाही. यातलं कुठलं, हे मला ठरवता येत नाही.

आता जे सांगायला हा कागद घेतला ते सांगते. पेठेतून बाहेर पडले तेव्हा पर्समध्ये एक कोरं पोस्टकार्ड होतं. शाळेच्या दारात उभी राहून, भिंतीला कार्ड टेकवून मी धाकट्याला लिहिलं: ‘सुताराचा पत्ता लागला. होडी सगळी त्यांनीच केली. मागाच्या पद्धतीनं, आतल्या खुणांवरून सिद्ध होतं. पाटीवर त्यांचं नाव घालावं हे न्यायाला धरून होईल.’ अक्षर सुंदर आलं. आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलंसुद्धा, शेवटची डाक निघायच्या आत. ‘न्यायाला धरून’ लिहिताना मला जे वाटत होतं ते न्यायाचं नव्हतं. त्याच्याकडं होडीचा एक उन्हाळा आहे, तुमचं ते हसू त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, आणि मला त्यातलं निदान नाव तरी काढून घ्यायचं होतं. ज्या म्हाताऱ्यांचा मी कैवार घेतला, त्यांचं नाव विचारायचंही मी विसरले. कार्डावर ‘त्यांचं नाव’ लिहिलं आणि ते नाव मला माहीत नाही.

कॉलेज तुम्ही मला दिलंत. कर्ज काढून, लोकांची बोलणी खाऊन. हे मी विसरलेले नाही. पण कॉलेजात तुम्ही माझ्याबरोबर एकदाही आला नाहीत, आणि त्याच्याबरोबर पाण्यात उतरलात. ही तक्रार कुणापुढं मांडण्यासारखी नाही, म्हणून तुमच्यापुढं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही. त्यामुळेच यात एवढं तरी खरं उतरलं. कालच्या कार्डावर जागा होती तरी उतरलं नाही.

उद्या: शाळेआधी पोस्टातून नवं कार्ड घेणे आणि धाकट्याला कळवणे, फटी तू भरल्यास, सुतारानं स्वतः सांगितलं.